वरून फाइल, आतून टीएलएस

मागच्या भागात आपण टीएलएसचा हँडशेक पाहिला. प्रमाणपत्र कसं तपासतात, दोन अनोळखी यंत्रं एका गुप्त किल्लीवर कशी येतात, हे त्यात आलं. आता पुढचा प्रश्न. हँडशेक पार पडला, जोडणी सुरक्षित झाली; मग ती आपल्या स्क्रिप्टच्या हातात कोणत्या रूपात येते? पर्ल किंवा पायथनमध्ये काम करणाऱ्याला उत्तर माहीत असतं: साध्या फाइल हँडलच्या रूपात. त्यावर ‘प्रिंट’ करा, ओळ वाचा, काम झालं की बंद करा. पण या सोयीच्या आत काय चालतं हे ठाऊक नसेल, तर एखाद्या दिवशी स्क्रिप्ट काहीही न सांगता अडकून बसते. म्हणून हा भाग खास त्यासाठी.

सॉकेट आणि फाइल यांचं नातं जुनं आहे. युनिक्समध्ये कर्नल प्रत्येक उघड्या गोष्टीला एक लहानसा आकडा देतो. तो फाइल डिस्क्रिप्टर. 1983 साली बर्कलेच्या 4.2 बीएसडीमध्ये सॉकेट आले, तेव्हा त्यांनाही असाच आकडा मिळाला, आणि फाइलसाठीचे ‘रीड’ आणि ‘राइट’ त्यांच्यावरही चालू लागले. लॉगमधल्या ओळी वाचणारा कोड जवळजवळ जसाच्या तसा नेटवर्कवरच्या ओळी वाचू लागला. स्क्रिप्टिंग भाषांनी ही देणगी मनापासून वापरली.

नव्वदच्या दशकात नेटस्केपने एसएसएल आणलं. पुढे 1999 मध्ये त्याचंच प्रमाणित रूप टीएलएस 1.0 म्हणून आलं. एन्क्रिप्शनचं हे काम मात्र कर्नलमध्ये गेलं नाही. ते प्रोग्रॅमच्या आत, ओपनएसएसएलसारख्या लायब्ररीत बसलं. म्हणजे कर्नलकडच्या त्या आकड्यामागे फक्त कूटबद्ध बाइट असतात आणि उलगडलेला मजकूर लायब्ररीच्या स्मृतीत असतो. पुढे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एकाच फाळणीतून निघतात.

पर्लने ही फाळणी झाकण्यासाठी फार सुंदर युक्ती वापरली. त्या भाषेत ‘टाय’ नावाची सोय आहे. एखाद्या हँडलला तुम्ही स्वतःचा ऑब्जेक्ट जोडू शकता. मग त्या हँडलवर ‘प्रिंट’ म्हटलं की पर्ल त्या ऑब्जेक्टची ‘प्रिंट’ मेथड चालवतो, ओळ मागितली की ‘रीडलाइन’. ‘आयओ::सॉकेट::एसएसएल’ हे मॉड्यूल नेमकं हेच करतं. ते साध्या सॉकेटच्या मॉड्यूलवर उभं आहे, त्याचं हँडल टाय केलेलं असतं, आणि आत ‘नेट::एसएसएले’मार्फत ओपनएसएसएल बोलावलं जातं. परिणाम असा की पोर्ट 143 वर आयमॅप बोलणारी जुनी स्क्रिप्ट 993 वर न्यायची तर मुख्यतः जोडणी उघडणारी ओळ बदलायची. खालचं वाचणं-लिहिणं तसंच राहतं. पायथनमध्ये एसएसएल सॉकेटवर ‘मेकफाइल’ म्हटलं की अशीच फाइलसारखी वस्तू मिळते. माझ्या मते ही रचना चांगलीच आहे. सुरक्षित मार्ग सोपा असेल तरच लोक तो वापरतात.

आता ‘सिलेक्ट’कडे वळू. एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळणारी स्क्रिप्ट कर्नलला विचारते: यापैकी कुठे काही आलंय का? कर्नल सांगेपर्यंत ती थांबते. साध्या सॉकेटवर हे चोख चालतं. टीएलएसवर काय होतं ते एका उदाहरणात बारकाईने पाहू. सर्व्हरने 5,000 बाइटचं उत्तर एकाच टीएलएस रेकॉर्डमध्ये पाठवलं. ‘सिलेक्ट’ म्हणाला, वाचायला आहे. स्क्रिप्टने 1,024 बाइट मागितले. रेकॉर्ड अर्धवट उलगडता येत नाही, कारण त्याची अखंडता तपासायला तो पूर्ण हातात लागतो. म्हणून लायब्ररीने कर्नलकडून पूर्ण रेकॉर्ड उचलला, उलगडला, 1,024 बाइट दिले आणि उरलेले 3,976 स्वतःजवळ ठेवले. स्क्रिप्ट पुन्हा ‘सिलेक्ट’वर गेली. कर्नलचा बफर आता रिकामा आहे, त्यामुळे तो खरंच सांगतो की काही आलेलं नाही. सर्व्हर आपल्या उत्तराची वाट पाहतो, आपण त्याच्या मजकुराची, आणि तो मजकूर आपल्याच प्रोग्रॅममध्ये पडून असतो. कुठेही त्रुटीचा संदेश नाही. चाचणीत छोटी उत्तरं असतात म्हणून तिथे हे दिसतही नाही, आणि प्रत्यक्ष वापरात मोठं उत्तर आलं की जोडणी गोठते.

उपाय सोपा आहे, पण माहीत हवा. ‘सिलेक्ट’ला विचारण्याआधी हँडललाच ‘पेंडिंग’ विचारायचं: तुझ्याजवळ उलगडलेलं काही शिल्लक आहे का? असेल तर आधी ते संपवायचं. दुसरा मार्ग म्हणजे एका वेळी निदान 16,384 बाइट मागायचे. टीएलएस रेकॉर्डमधला मजकूर याहून मोठा नसतो, त्यामुळे एका वाचनात पूर्ण रेकॉर्ड रिकामा होतो.

उलट प्रकारही घडतो. ‘सिलेक्ट’ म्हणतो आलंय, आणि वाचायला गेलं तर हाती काहीच लागत नाही. टीएलएस 1.3 मध्ये, म्हणजे 2018 सालच्या आवृत्तीत, सर्व्हर हँडशेक संपल्यावर पुढच्या भेटीसाठी तिकिटं पाठवतो. ती लायब्ररीसाठी असतात, तुमच्यासाठी नव्हे. सॉकेट ‘ब्लॉकिंग’ असेल तर वाचन तिथेच अडकतं. म्हणून ‘सिलेक्ट’ वापरायचा असेल तर सॉकेट ‘नॉन-ब्लॉकिंग’ ठेवा आणि ‘आणखी वाचायचं आहे’, ‘आधी लिहायचं आहे’ हे लायब्ररीचे दोन्ही निरोप हाताळा.

फाइलचा शेवट हाही असाच नाजूक विषय. साध्या फाइलमध्ये शेवट म्हणजे शेवट. टीएलएसमध्ये समोरच्याने ‘क्लोज नोटिफाय’ हा कूटबद्ध निरोप पाठवला तरच मजकूर पूर्ण झाल्याची ग्वाही मिळते. ही तरतूद 1996 च्या एसएसएल 3.0 पासून आहे. कारण खालची टीसीपी जोडणी वाटेतला कुणीही तोडू शकतो. त्याला तुमचा मजकूर वाचता येणार नाही, पण मधेच छाटता येईल. हिशेबाची यादी शेवटपर्यंत वाचणाऱ्या स्क्रिप्टला निम्मी यादी मिळाली आणि तिने ती पूर्ण समजली, तर एन्क्रिप्शन असूनही नुकसान झालंच. पायथनच्या सॉकेटमध्ये असा तुटका शेवट नेहमीचाच शेवट मानण्याचा पर्याय मुळातच चालू असतो. ओपनएसएसएल 3.0 ने मात्र अशा तुटण्याला स्पष्ट त्रुटी ठरवलं, आणि ते योग्यच झालं. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये मजकुराची लांबी आधी सांगितलेली असेल तर ती ताडून पाहा. नसेल तर हा पर्याय बंद करा.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे हँडलचा तो मूळ आकडा काढून दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देणं. साध्या सॉकेटवर ही नेहमीची पद्धत आहे: सॉकेटला दुसऱ्या प्रोग्रॅमचं ‘स्टँडर्ड आउटपुट’ करून टाकायचं. टीएलएसवर त्या प्रोग्रॅमला किल्ल्यांचा पत्ताच नसतो. तो जे लिहील ते उघड्या रूपात तारेवर जातं. समोरची बाजू ते मोडकं रेकॉर्ड समजून जोडणी तोडते, पण तोवर मजकूर बाहेर पडलेला असतो. असं काम असेल तर मध्ये ‘एसटनेल’सारखा प्रोग्रॅम बसवा. तो टीएलएस स्वतः सांभाळतो आणि तुमच्या प्रोग्रॅमला साधा प्रवाह देतो.

लिनक्समध्ये ही फाळणी काही अंशी मिटू लागली आहे. 2017 च्या 4.13 या कर्नलपासून हँडशेक लायब्ररीने करायचा आणि पाठवण्याचं एन्क्रिप्शन कर्नलवर सोपवायचं, अशी सोय आली. पुढच्या वर्षी 4.17 मध्ये वाचण्याची बाजूही आली. तिथे डिस्क्रिप्टरवरचा ‘राइट’ खरोखर सुरक्षित राइट असतो. पण स्क्रिप्टिंग भाषांतलं रोजचं काम अजून मुख्यतः लायब्ररीवरच चालतं, तेव्हा वरची काळजी सुटत नाही.

शेवटी प्रमाणपत्राच्या पडताळणीबद्दल. हँडल उघडलं म्हणजे समोर योग्य सर्व्हर आहे असं नाही. पर्लच्या या मॉड्यूलने क्लायंटसाठी पडताळणी आपसूक सुरू केली ती 2013 मध्ये. पायथनच्या एचटीटीपी लायब्रऱ्यांनी ती 2.7.9 मध्ये, 2014 च्या डिसेंबरात केली. पायथनचं जुनं ‘रॅप सॉकेट’ फंक्शन तर काही न सांगितल्यास कोणतंही प्रमाणपत्र चालवून घेत असे, ते 3.12 मध्ये काढूनच टाकलं. त्याआधीच्या काळात लिहिलेल्या अनेक स्क्रिप्ट आजही रात्रीच्या क्रॉनमध्ये धावत असतात, आणि काहींमध्ये तर कुणीतरी घाईत पडताळणी मुद्दाम बंद केलेली असते. तुमच्या सर्व्हरवर ‘व्हेरिफाय नन’ आणि ‘रॅप सॉकेट’ हे शब्द एकदा ‘ग्रेप’ करून बघा. जिथे सापडतील तिथली ओळ आजच दुरुस्त करा.