घराची उचल, दुखण्याची उचल

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतली गावं रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघते. उचल कशाला घेतली असं विचारलं, की लग्नकार्याच्या बरोबरीने दोन कारणं पुन्हा पुन्हा ऐकू येतात: अर्धवट राहिलेलं घर आणि घरातलं दुखणं. सरकारदरबारी ही दोन खाती वेगळी आहेत. कुटुंबाला मात्र दोन्ही एकाच उचलीतून भागवावी लागतात.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. घर किमान 25 चौरस मीटरचं हवं. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने 2025 मध्ये आणखी 50 हजार जाहीर केले. पण पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि काम पुढे सरकलेलं दिसल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. सळई, सिमेंट, वाळू, गवंड्याची मजुरी तोवर थांबत नाही. मग मुकादम आहेच.

ज्या घरासाठी ही उचल, त्या घरात निम्मं वर्ष राहताच येत नाही. फडाजवळच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, भाडं नसतं, तसं न्हाणीघर, संडास आणि नळही नसतो. पहाटे अंधारात तोडीला जायचं, पाळीतही मोळ्या वाहायच्या, आडोशाअभावी लघवी दाबून धरायची. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटातलं दुखणं, कंबरदुखी तिथे मुरत जाते. दवाखान्यात जावं तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. अशा बाईला कुणी कॅन्सरची भीती घालून ‘पिशवी काढून टाका’ म्हटलं, तर दरवर्षीच्या खाड्यापेक्षा तिला तेच परवडतं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं, तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. पुढच्या हंगामात मोळी तीच असते, आणि ऑपरेशनचं कर्जही उचलीत मिळवलेलं असतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं 5 लाखांचं संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाब, मधुमेह यांना रोजची गोळी लागते. ती गावच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते, पण माणूस शेकडो किलोमीटरवरच्या फडात असतो. औषधांत पडलेल्या खंडाचा परिणाम हंगाम संपता संपता अंगावर येतो.

दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांना योग्य निवारा आणि मोफत औषधोपचार द्यावेत, अशी जबाबदारी 1979च्या स्थलांतरित मजूर कायद्याने कंत्राटदारावर टाकली होती. कोपीपर्यंत ती पोहोचली नाही. साखरेचा भाव ठरवताना वाहतुकीचा, मळीचा, बगॅसचा हिशेब होतो. तोडणाऱ्याच्या निवाऱ्याचा खर्चही त्यात धरला पाहिजे. मुकादमाकडे बोट दाखवून कारखान्यांनी सुटू नये. घरकुलाचे हप्ते पावसाळ्याआधी पूर्ण द्यावेत, निघताना प्रत्येकाला हंगामभराच्या गोळ्या आणि कोणत्याही आरोग्य केंद्रात चालेल असं कार्ड द्यावं, आणि कारखान्याला गाळप परवाना देताना मजुरांच्या तळावर पाणी व संडास आहेत का, हे आधी तपासावं.