ट्रकवाल्याचीच चूक?

आमच्या मेसमध्ये अपघाताची बातमी निघाली की एक वाक्य ठरलेलं असतं, "ट्रकवाल्याचीच चूक असणार!" पूर्वी मीही मान डोलवायचे. आता जरा थांबते, कारण आमच्या घरी ट्रक आहे. एकच आहे, दहाचाकी, हप्ते अजून चालू असलेला. त्याच्याच भाड्यावर मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि इथे मेकॅनिकलला आले. (मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. पुणे-बंगलोर हायवेवर कराडच्या पुढे रात्री आमचा ट्रक पंक्चर झाला. आमच्या ड्रायव्हरना मी लहानपणापासून मामा म्हणते. त्यांनी गाडी कडेला घेतली, पण अर्धी लेनमध्येच राहिली. मागे नेहमीच्या पद्धतीने चार दगड आणि झाडाची फांदी ठेवली. थोड्या वेळाने एक मोटारसायकल मागून येऊन धडकली. चालवणाऱ्या तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. माणसं जमली, क्लीनरला मार बसला. मामांनी एक टेम्पो थांबवून जखमीला दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन हजर झाले.

काही महिन्यांनी नोटीस आली. त्यात तीन नावं होती: ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी. पप्पा चक्रावले. "गाडी तर उभी होती, मी घरी झोपलो होतो, मग माझं नाव कसं?" विम्याची पॉलिसी इंग्रजीत, म्हणून ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. तिथून मला जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे अपघात एक असला तरी प्रकरणं दोन होतात. एक फौजदारी. त्यात प्रश्न असतो गुन्हा कोणी केला, आणि तो संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावा लागतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. हयगयीने मृत्यू घडवल्यास पूर्वी कलम 304-अ खाली कमाल दोन वर्षं कैद होती, आता कलम 106(1) खाली पाच वर्षं आहे. अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारं 106(2) हे पोटकलमही त्यात आहे. त्याच्याविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये देशभर ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली होती, आणि बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं.

दुसरं प्रकरण भरपाईचं. ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतं. इथे कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं एवढं पाहतात. नोकराने काम करताना केलेल्या हयगयीची भरपाई मालकाला द्यावी लागते, हे तत्त्व. म्हणून झोपलेल्या पप्पांचं नाव. आणि मालकाच्या वतीने विमा कंपनी पैसे भरते. पॉलिसीत पहिला पक्ष मालक, दुसरा कंपनी आणि ज्याला इजा झाली तो तिसरा. 'थर्ड पार्टी' म्हणतात ती हीच. हा विमा सक्तीचा आहे. लायसन्समध्ये गडबड निघाली तरी बहुतेक वेळा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगतात. सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा स्वरनसिंग निकाल यासाठी प्रसिद्ध आहे.

भरपाईचा आकडा मनाला येईल तसा ठरत नाही, त्याला चक्क फॉर्म्युला आहे. समजा 24 वर्षांचा, लग्न न झालेला, महिना 15,000 कमावणारा रंगारी गेला. वर्षाचे 1,80,000. पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के मिळवा: 2,52,000. निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा: 1,26,000. या वयाचा गुणक 18, म्हणून 22,68,000 रुपये. वर अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा. माणसाचा असा गुणाकार बघून पहिल्यांदा अंगावर काटा आला होता.

"गाडी उभी होती" हा बचाव किती टिकतो? फारसा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सांगतं की दुसऱ्याला धोका होईल अशी गाडी रस्त्यात सोडायची नाही. रस्त्याच्या मधोमध, दिवे न लावता सोडलेल्या ट्रेलरवर कार आदळली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ट्रेलरचीच हयगय धरली.

आता मला हा लेख का लिहावासा वाटला ते. वकिलांनी विचारलं, लेखी म्हणण्यात काय लिहायचं? पप्पा म्हणाले, "मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण लावला होता असं लिहा." मामा खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "मालक, त्रिकोण गाडीत कधी होता? दोनदा मागितला. तुम्ही म्हणालात, पुढच्या ट्रिपला घेऊ." खोलीत कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. तो त्रिकोण काही शे रुपयांचा असतो.

पप्पांनी शेवटी खरं तेच लिहून दिलं. भरपाईचं प्रकरण लोकअदालतीत मिटलं, पैसे विमा कंपनीने दिले. मामांचा फौजदारी खटला मात्र अजून तारखांवर चालू आहे. पैशाचा विमा काढता येतो, शिक्षेचा नाही. ती ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्याच्या वाट्याला येते, मग हयगय कोणाचीही असो.

कायद्यात मालकाला पकडायची सोय नाही असं नाही. कलम 190 सदोष गाडी चालवणाऱ्याइतकंच ती चालवू देणाऱ्यालाही लागू होतं. जादा माल भरल्यास कलम 194 खाली 20,000 दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, तोही चालवायला लावणाऱ्यालाही. कलम 91 प्रमाणे ट्रकचालकाचं काम दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. मामांना हे सांगितलं तर ते नुसते हसले. अपघातानंतर ड्रायव्हरची रक्ततपासणी होते. पण "सकाळपर्यंत माल पोचलाच पाहिजे" असा फोन कोणी केला, हे सहसा कुणी विचारत नाही.

याचा अर्थ ड्रायव्हर सुटला असं नाही. घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक धरत नाहीत. त्याला 'ब्रेक फेल' म्हणणं म्हणजे आपल्या ब्रँचचा अपमान आहे! ती ड्रायव्हरचीच चूक.

शेवटी होस्टेलवाल्यांसाठी. आपल्या गेटसमोर हायवे आहे, उद्या आपल्यासमोर अपघात होऊ शकतो. कलम 134 प्रमाणे ड्रायव्हरने जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना 24 तासांच्या आत कळवायचं असतं. जमावाच्या रागामुळे मदत करणं शक्य नसेल तर तेवढी सूटही कायद्यानेच दिली आहे. म्हणजे ड्रायव्हरला मारायला धावलात तर जखमीची मदत तुम्हीच अडवता. मदत करणाऱ्यांना 2019 च्या दुरुस्तीतल्या कलम 134-अ चं संरक्षण आहे; नाव सांगायचीही सक्ती नाही. तेव्हा आधी जखमीला उचला, गाडीचा नंबर टिपून ठेवा. चूक कोणाची ते नंतर ठरेल.

आमच्या ट्रकमध्ये आता दोन त्रिकोण आहेत. सुट्टीला घरी गेले की आधी केबिनमध्ये चढून ते जागेवर आहेत ना बघते.