नव्या गड्याची पारख

आमच्या गावी शाळा सुटली की माळावर क्रिकेटचा डाव मांडला जाई. दोन थोराड मुले म्होरके होत आणि बाकीच्यांना ओळीत उभे करून पाळीपाळीने गडी वाटून घेत. ज्याचा हात चांगला तो आधी जाई, मग जो पळण्यात चपळ तो. ओळ आखडत आखडत शेवटी एकदोघे उरत आणि त्यांतला एक बहुधा मी असे. “हा घे तुझ्याकडे, आम्हाला लिंबूटिंबू नको,” असे म्हणून मला कुठल्यातरी बाजूला ढकलले जाई. त्या ओळीत उभे राहून आपल्याला जोखणाऱ्या नजरा ज्याने सोसल्या आहेत, त्याला मी पुढे सांगणार आहे ती हकिगत परकी वाटणार नाही, मग ती साता समुद्रांपलीकडची का असेना.

गेल्या वर्षी वसतिगृहात एका मित्राच्या मोबाइलवर मी एक जुनी चित्रफीत पाहिली. बावीस वर्षांचा एक उंचापुरा कृष्णवर्णीय तरुण सूट घालून व्यासपीठावर येतो. त्याचे नाव नुकतेच पुकारले गेले आहे. आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि समोरच्या गर्दीतून त्याची हुर्यो उडवली जाते! मौज अशी की हुर्यो उडवणारे प्रतिस्पर्धी संघाचे नव्हते. ज्या संघाने त्याला घेतले, त्याच संघाचे ते कट्टर चाहते होते. ज्याने अजून मैदानावर पाऊलही टाकलेले नाही, त्या आपल्याच गड्याची अशी संभावना का व्हावी? ह्या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले, ते येथे मांडत आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चार संधींत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, म्हणजे आणखी चार संधी मिळतात. असे करत समोरच्याची हद्द गाठायची. ह्यात दोन जागा ध्यानात ठेवाव्यात. एक ‘क्वार्टरबॅक’, म्हणजे चेंडू प्रथम हाती घेऊन तो कोणाकडे द्यावा वा फेकावा हे क्षणार्धात ठरवणारा सूत्रधार. दुसरा ‘रनिंग बॅक’, म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरच्या फळीत मुसंडी मारणारा. कबड्डीतल्या चढाईची ज्याला गोडी आहे, त्याला हा दुसरा गडी पाहताक्षणी आवडेल.

तेथील व्यावसायिक संघांच्या मंडळाला ‘नॅशनल फुटबॉल लीग’ म्हणतात. तिच्यात आज ३२ संघ आहेत. महाविद्यालयांतून खेळून तयार झालेली मुले ह्या संघांत कशी वाटली जातात? आपल्या आयपीएलमध्ये लिलाव होतो आणि तेथे पैसा बोलतो. अमेरिकेत मात्र ‘ड्राफ्ट’ होतो, म्हणजे आमच्या माळावरची गडी वाटून घेण्याचीच रीत. फरक एवढाच की तेथे दांडगा म्होरक्या आधी निवडत नाही. आदल्या हंगामात ज्या संघाची दशा सर्वांत वाईट, त्याची पाळी पहिली, आणि जो विजेता त्याची पाळी शेवटी. अशा एकूण सात फेऱ्या होतात. आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात काही घेण्याचीही मुभा असते.

ही कल्पना १९३५ साली मांडली बर्ट बेल ह्या गृहस्थाने. फिलाडेल्फिया शहरातील ‘ईगल्स’ ह्या दुबळ्या संघाचा तो मालक. चांगली मुले नेहमी श्रीमंत आणि यशस्वी संघांकडेच जातात, मग आमच्यासारख्यांनी वर यावे कसे, असा त्याचा सवाल होता. इतरांनी तो मान्य केला आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातीलच एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. पहिली पाळी ईगल्सची. त्यांनी जे बर्वँगर ह्या नामांकित खेळाडूला निवडले. पण पैशाचे जमले नाही आणि हा गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता नोकरीधंद्याला लागला! म्हणजे पारख चुकण्याची परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे, आणि तिचा आरंभही फिलाडेल्फियाच्याच पदरी आहे.

आता चाहत्यांकडे वळू. ड्राफ्टचा दिवस हा तेथे सणासारखा असतो. कोणाची पाळी केव्हा, कोणता मुलगा कोठे जाईल, ह्याची गणिते लोक महिनोन्महिने मांडत असतात. नवा गडी जोखण्याची त्यांची मापे साधारण तीन.

पहिले माप म्हणजे महाविद्यालयातील कामगिरी. पण तेथे समोरचे गडी कसे होते, ह्यावर त्या आकड्यांचे मोल ठरते. आपल्याकडे एका केंद्रावरचे पंच्याऐंशी टक्के आणि दुसऱ्या केंद्रावरचे पासष्ट टक्के ह्यांची तुलना करताना मास्तर लोक जसे हसतात, तसेच हे.

दुसरे माप म्हणजे अंगमापणी. इंडियानापोलिस शहरात दरवर्षी निवडक मुलांना बोलावून त्यांची उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी घेतात. ४० यार्ड पळायला लावतात. सुमारे १०२ किलोचे वजन छातीवरून किती वेळा उचलतात ते मोजतात. आमच्याकडे पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले मला ते वाचताना आठवली. ह्या मापाचा चटका फिलाडेल्फियाने १९९५ साली खाल्ला. माइक मामुला नावाच्या खेळाडूने नेमक्या ह्याच चाचण्यांची कसून तयारी केली आणि तेथे सर्वांचे डोळे दिपवले. ईगल्सने आपली बाराव्या क्रमांकाची पाळी आणि दुसऱ्या फेरीतल्या दोन पाळ्या देऊन सातवी पाळी मिळवली व त्याला घेतले. मामुला काही टाकाऊ निघाला नाही. पाच हंगाम तो खेळला. पण ईगल्सने सोडून दिलेल्या त्या बाराव्या पाळीवर टँपा बेच्या संघाने वॉरन सॅप ह्याला घेतले, आणि सॅप इतका थोर ठरला की २०१३ साली त्याची नोंद खेळाच्या सन्मान-दालनात झाली. मामुलाचे नाव फिलाडेल्फियात आजही निघते ते त्याच्या खेळामुळे नव्हे, तर सॅपमुळे.

येथेच तिसरे माप हाती लागते आणि माझ्या मते तेच सर्वांत जड आहे. नवा गडी कधी एकटा तोलला जात नाही. दुसऱ्या पारड्यात, त्याच्यासाठी ज्याला सोडले तो बसलेला असतो.

आता त्या चित्रफितीची कथा. १९९८ च्या हंगामात ईगल्सने सोळांपैकी फक्त तीन सामने जिंकले. साहजिकच १९९९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांना दुसरी पाळी मिळाली. शहराच्या मनात एकच नाव होते, रिकी विल्यम्स. टेक्सास विद्यापीठाचा हा रनिंग बॅक. चेंडू घेऊन धावण्याचा महाविद्यालयीन विक्रम त्याने मोडला होता आणि त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कारही पटकावला होता. शहरातील एका क्रीडा-रेडिओच्या निवेदकाने तीसेक कट्टर चाहते जमवले, आणि ते सारे सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या न्यू यॉर्कला जाऊन ड्राफ्टच्या सभागृहात बसले. १७ एप्रिल १९९९ रोजी ईगल्सची पाळी आली आणि नाव पुकारले गेले ते डॉनोव्हन मॅकनॅब ह्याचे, सिरॅक्यूज विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकचे. आणि मग ती हुर्यो.

चाहते मूर्ख होते काय? तसे मला वाटत नाही. ज्यांनी मामुलाचा अनुभव घेतला होता, ते ताकही फुंकून पिणारच. शिवाय विल्यम्सचे गुण डोळ्यांना दिसणारे होते. संघाचा नवा प्रशिक्षक अँडी रीड ह्याचा हिशेब वेगळा होता. मुसंडी मारणाऱ्याचे शरीर लवकर झिजते. चांगला सूत्रधार मिळाला तर संघ दहा वर्षे उभा राहतो. पण हा हिशेब दहा वर्षांनीच पडताळता येतो, आणि सभागृहात बसलेल्यांना त्या दुपारीच उत्तर हवे होते.

पुढे काय झाले? विल्यम्स पाचव्या पाळीवर न्यू ऑर्लिन्सच्या संघाकडे गेला. त्याच्यासाठी त्या संघाने त्या वर्षीच्या आपल्या साऱ्या पाळ्या आणि पुढच्या वर्षीच्या दोन पाळ्या देऊन टाकल्या. तो खेळाडू खराच मोठा होता. २००२ साली मायामीकडून खेळताना धावण्यात तो लीगमध्ये पहिला आला. पण एका माणसासाठी सारे घर गहाण टाकणाऱ्या न्यू ऑर्लिन्सला त्या हंगामात तीनच विजय मिळाले. इकडे मॅकनॅब अकरा हंगाम ईगल्सकडून खेळला. नोव्हेंबर २००२ मध्ये घोट्याचे हाड मोडलेले असताना त्याने एक पुरा सामना खेळून जिंकून दिला. त्याच्या काळात संघाने पाच वेळा उपान्त्य फेरी गाठली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ‘सुपर बोल’ ह्या अंतिम सामन्यात धडक मारली. तो सामना मात्र २४-२१ असा थोडक्यात हुकला. पुष्कळ चाहत्यांनी तेवढे एक उणे कधी विसरले नाही. तरीही सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच शहरात त्याचा ५ क्रमांकाचा सदरा सन्मानाने कायमचा राखून ठेवला गेला.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. मॅकनॅब आणि विल्यम्स दोघेही कृष्णवर्णीय, तेव्हा त्या दिवसाची हुर्यो रंगावरून होती असे म्हणता येणार नाही. पण क्वार्टरबॅकच्या जागेवर काळा माणूस चालेल काय, त्याला डोक्याचे काम जमेल काय, ही शंका त्या खेळात कित्येक दशके घेतली जाई. वॉरेन मून हा १९७८ च्या रोझ बोल सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. पण त्याच्या जागेवर त्याला खेळवायची तयारी कोणी दाखवेना. ड्राफ्टमध्ये त्याचे नाव निघालेच नाही. तो कॅनडात गेला, तेथे संघाला लागोपाठ पाच अजिंक्यपदे मिळवून देण्यात वाटेकरी झाला, मग परतला, आणि २००६ साली सन्मान-दालनात पोचला. ताजवाच खोटा असेल तर मापे कितीही नेमकी असून काय उपयोग?

आणि ओळीच्या शेवटी उरलेल्या गड्याचे काय? २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी ह्याचे नाव १९९ वे निघाले. पळण्यात मंद, अंगाने लुकडा. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. त्यांतल्या जिओव्हानी कार्माझी ह्याला सॅन फ्रान्सिस्कोने घेतले, आणि त्याला लीगचा एकही अधिकृत सामना खेळायला मिळाला नाही. ब्रेडी त्याच भागात वाढलेला, लहानपणी त्याच संघाचा चाहता! पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. २००५ साली मॅकनॅबला अंतिम सामन्यात हरवणारा क्वार्टरबॅक हाच.

ह्यावरून पारख करूच नये असा अर्थ निघतो काय? नाही. निवड करायची तर पारख करावीच लागते. अमेरिकेतले जाणते लोक एवढेच सांगतात की ड्राफ्टचा निकाल निदान तीन वर्षे लावू नये. दुसरी गोष्ट मला स्वतःला जाणवली. ज्याचे काही गुंतलेले नसते तो हुर्योही उडवत नाही. न्यू यॉर्कला गेलेल्या त्या मंडळींची चूक ही की आपल्या मनातल्या दुःखाची किंमत त्यांनी एका बावीस वर्षांच्या मुलाकडून वसूल केली. मॅकनॅबने विल्यम्सला डावलले नव्हते. त्याने फक्त आपले नाव ऐकले आणि तो उठून पुढे आला.

आता थोडे स्वतःविषयी लिहिण्याची परवानगी असावी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. मी निघालो त्या दिवशी एसटी थांब्याजवळच्या टपरीवर माझीही पारख झाली. एकाने बारावीचे गुण विचारले. दुसरा म्हणाला, “दिवाळीपर्यंत टिकला म्हणजे मिळवली.” तिसऱ्याने वडिलांना सल्ला दिला, “आर्ट्स करून काय करणार, भरतीला उतरव.” वडील एवढेच बोलले, “बाजारात दात बघून बैल कळत नाही, जुंपल्यावर कळतो.” मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला आणि टपरीवरल्या लोकांचा राग आला.

परंतु हे सारे वाचल्यावर मला दुसऱ्या पारड्याची आठवण झाली. माझी थोरली बहीण अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. दहावीला तिला माझ्याहून अधिक गुण होते. घरी एकाचाच खर्च झेपणारा होता, तेव्हा ती थांबली आणि मी पुढे आलो. तो निर्णय माझा नव्हता, हे खरे. तरी मी नापास झालो तर फक्त माझे वर्ष जाणार नाही, हेही तितकेच खरे. ताईला हुर्यो उडवण्याचा अधिकार होता. तिने तो कधी वापरला नाही. सुट्टीत गेलो की ती चुलीपुढे बसून एवढेच विचारते, “ह्या वेळी काय नवीन शिकलास, सांग.”

माझी तीन वर्षे अजून पुरी व्हायची आहेत. हा अंक घरी नेईन तेव्हा आधी तिच्या हाती देईन. तिला क्वार्टरबॅक म्हणजे काय ते समजावून सांगावे लागेल. पण बाकीचे तिला समजावून सांगण्याची गरज पडेल, असे मला वाटत नाही.