गाडीचे चाक : लाकूड, लोखंड आणि रबर

हिंगोलीहून वाशीमकडे निघालात, म्हणजे जिल्ह्याची हद्द संपता संपता कनेरगाव नाका लागतो. अलीकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. गावाच्या नावातला 'नाका' हा शब्दच सांगतो की हे माल इकडून तिकडे जाण्याचे ठिकाण. आता नांदेड-अकोला महामार्गावर ट्रक आणि ट्रॅक्टर यांचीच गर्दी असते. तरी सुगीच्या दिवसांत आडवाटेने येणारी एखादी बैलगाडी अजून दिसते. बहुतेक गाड्या टायरच्या. क्वचित एखादी जुनी, लाकडी चाकाची.

अशाच दोन गाड्यांपाशी एकदा दोघांचा वाद ऐकला. तरुण म्हणत होता, "मामा, तुमचं हे लाकडी चाक आता मोडीत काढा. टायरची सर त्याला येणार हाय का?" म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, "तुला बरं वाटतं म्हणून सांगतोस. बैलाला विचारलंस का?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. चाक कशाचे आहे यावर गाडी किती वर्षे टिकणार हे जसे ठरते, तसेच ती ओढणाऱ्याला कशी लागते हेही ठरते. आणि ओढणारा बोलत नाही. म्हणून आज आपण लाकूड, लोखंड आणि रबर या तिघांची थोडी उलटतपासणी घेऊ.

प्रथम लाकूड. जुने चाक म्हणजे एका लाकडाचा तुकडा नव्हे. मध्ये तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर घेराचे वाकडे तुकडे आणि त्या सर्वांना आवळणारी लोखंडी धाव. प्रत्येकाचे काम निराळे, म्हणून प्रत्येकाला लाकूडही निराळे. तुंब्याला चहूबाजूंनी भोके पाडायची, तरी तो फुटता कामा नये. त्यासाठी आपल्याकडे बाभळीसारखे चिवट, गाठाळ लाकूड. आऱ्याला सरळ रेषेचे लाकूड हवे, कारण भार त्याच्या उभ्या धाग्यांवरून जमिनीकडे उतरतो. आसाला आणि दांडीला धावड्याचे लाकूड नावाजलेले. इंग्रजांनी तर या झाडाचे नावच 'अ‍ॅक्सल-वुड', म्हणजे आसाचे लाकूड, असे ठेवले. तिवसही गाडीच्या कामाला चांगला.

तुम्ही विचाराल, सागवान का नको? ते तर लाकडांचा राजा! राजा खरा, पण प्रत्येक काम राजाने करायचे नसते. सागाला वाळवी सहसा लागत नाही, तो फारसा आटत नाही, वाकत नाही. दार, खिडकी, तुळई यांना त्याच्यासारखा तोच. परंतु दगडावरून आदळताना जो दणका बसतो, तो पोटात घालायला बाभळीचा चिवटपणा लागतो. कडकपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. काच कडक असते. चामडे चिवट असते. चाकाला दोन्ही थोडे थोडे लागतात.

आता लाकडाचा एक मोठा स्वभावदोष. ते पाणी पिते आणि फुगते. पाणी सोडते आणि आटते. पण सगळीकडून सारखे नाही. लांबीने ते फारसे बदलत नाही. अंगाने, म्हणजे जाडी-रुंदीने, बदलते. आरा आखूड होत नाही, बारीक होतो. मग तुंब्यातल्या भोकात तो खुळखुळू लागतो. घेराची लाकडे आटली की धाव ढिली पडते. चैत्र-वैशाखात गाडीचा आवाज बदलतो तो यामुळेच. अशा वेळी जुने लोक चाके नदीत किंवा डोहात भिजत टाकीत. लाकूड फुगे आणि सांधे पुन्हा आवळत. हा उपाय तात्पुरता. वारंवार भिजणे नि वाळणे यानेच शेवटी लाकडाला चिरा पडतात आणि सांध्यात कूज धरते.

याचा धडा माझ्या घरी फार महाग पडला. माझ्या चुलत्यांनी एका पावसाळ्याअखेर नवी चाके करून घेतली. कापूस घरी आणायची घाई होती. सुतार म्हणत होता, "लाकूड ओलं आहे, वर्षभर सावलीत पडू द्या." चुलते ऐकेनात. चाके झाली, दिसायलाही सुरेख. पुढल्या वैशाखात भरल्या गाडीसकट नाला उतरताना डाव्या चाकाचे तीन आरे एकदम निखळले. गाडी कलंडली, आतला बैल गुडघ्यावर आला. तो वाचला, पण पेरणीच्या दिवसांत लंगडत राहिला आणि त्या वर्षी चुलत्यांना जोडी भाड्याने घ्यावी लागली. दोष बाभळीचा नव्हता आणि सुताराचाही नव्हता. न वाळलेल्या लाकडावर विश्वास टाकला, हा होता.

आता लोखंड. धाव चढवणे हा पूर्वी गावात पाहण्यासारखा सोहळा असे. लोहार धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा लहान ठेवी. मग गोवऱ्या रचून ती लालबुंद होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि धूर निघत असतानाच पाणी ओतायचे. चर्र आवाज होऊन धाव आकसते आणि आरे, तुंबा, घेर सारे एकजीव होते.

याचे गणित सोपे आहे. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे एक लाखांश आणि वर थोडे इतके वाढते. चाक साडेचार फूट उंचीचे असेल तर त्याचा घेर साधारण 4.3 मीटर. धाव 600 अंशांनी तापली तर ती सुमारे 3 सेंटिमीटर, म्हणजे सव्वा इंच लांबते. या सव्वा इंचाच्या आत लोहाराला आपले काम बसवावे लागते. घेर जास्त लहान ठेवला तर आरे वाकतील. कमी ठेवला तर धाव उन्हाळ्यात गळून पडेल. कागदावर आकडा न मांडता आपले लोहार हे अचूक साधीत आले.

लोखंडाने चाकाला टिकाऊपणा दिला, पण एक अवगुणही दिला. धाव अरुंद असते, दीड-दोन इंचांची. आणि आपली जमीन कोणती? काळी, कपाशीची. हिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, लोण्यासारखी मऊ होते. त्यात अरुंद धाव सुरीसारखी घुसते. समजा, गाडी नि माल मिळून 1200 किलो आहे. एका चाकावर 600 किलो आले. 5 सेंटिमीटर रुंदीची धाव 20 सेंटिमीटर लांबीवर टेकली, तर चौरस सेंटिमीटरला 6 किलोचा दाब पडतो. तोच भार 15 सेंटिमीटर रुंद टायरवर तेवढ्याच लांबीत दिला, तर दाब 2 किलोवर येतो. चाक जेवढे रुततेले, तेवढा बैल जणू सतत चढावर गाडी ओढत असतो. चिखलात बैल का फेसाळतो, ते यावरून कळेल.

मऊ जमिनीवर भार पसरून द्यावा, हे तत्त्व फक्त आपल्या शिवारापुरते नाही. काश्मिरात गुलमर्गला हिवाळ्यात बर्फ पडते ते भुसभुशीत, कोरड्या पिठासारखे. साध्या बुटांनी माणूस त्यात कमरेपर्यंत जातो. म्हणून लोक पायांना स्की नावाच्या लांब फळ्या बांधतात. ताज्या बर्फासाठीच्या फळ्या तर मुद्दाम जास्त रुंद करतात. 80 किलोच्या माणसाचा भार अशा दोन फळ्यांवर पसरला, की चौरस सेंटिमीटरला अवघे 20 ग्रॅम दाब उरतो आणि माणूस बर्फावर तरंगल्यासारखा चालतो.

आणि गंमत पाहा. त्या फळ्या करणाऱ्यांपुढेही आपल्या सुतारासारखाच पेच असतो. पूर्वी त्या हिकरी किंवा अ‍ॅश अशा चिवट लाकडाच्या असत. 1950 च्या सुमारास अमेरिकेत हॉवर्ड हेड या इंजिनियराने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये लाकूड धरून नवी फळी केली. आज गाभा लाकडाचा, त्यावर काचतंतूंचे थर, तळाला गुळगुळीत प्लॅस्टिक आणि कडेला पोलादी पट्टी असते. धातूचा थर घातला की फळी जड होते, पण खडबडीत बर्फाचा थरथराट गिळते. कार्बनचे तंतू घातले की हलकी होते, पण तोच थरथराट पायाला जाणवतो. आणि मरण कशाने? कडेची पट्टी दगडावर आपटून उचकटली आणि आतल्या लाकडाला पाणी लागले, की थर सुटू लागतात. म्हणजे गुलमर्गची फळी आणि कनेरगावचे चाक यांचा वैरी एकच : सांध्यात शिरलेले पाणी.

आता तिसरा साक्षीदार, रबर. खरे पाहता टायरमध्ये काम रबराचे अर्धे आणि हवेचे अर्धे. खड्डा आला की लोखंडी धाव तो जसाच्या तसा आसाला सांगते. आस दांडीला, दांडी जुवाला आणि जू बैलाच्या खांद्याला. दिवसभरात असे हजारो दणके त्या खांद्यावर बसतात. हवा भरलेला टायर दबतो आणि दणक्याची धार बोथट करतो. शेतात रुंद बसतो, म्हणून कमी रुततो. डांबरी सडकही त्याने कापली जात नाही.

पण टायरच्या गाडीचे सारे श्रेय टायरला देऊ नका. जुन्या चाकात लोखंडी आस तुंब्यातल्या लोखंडी नळीवर घासत फिरतो. वंगण आटले की कुरकुर सुरू. टायरच्या गाडीला बहुधा बेअरिंग असते. पक्क्या, सपाट रस्त्यावर गाडी जी हलकी वाटते, त्यात या बेअरिंगचा वाटा मोठा. उलट टायरमध्ये हवा कमी असेल तर सडकेवर तो दर फेऱ्याला चेपतो आणि बैलाची ताकद फुकट खातो. टायर घेतला पण हवा पाहिली नाही, तर म्हातारबाबांचे लाकडी चाक बरे, असे म्हणण्याची पाळी येते.

आणि काटा! जी बाभूळ चाकाला लाकूड देते, तीच टायरला काटा देते. लाकडी चाक शिवारात बिघडले तर खीळ, पाचर, दोरी यांनी घरापर्यंत येते. टायर फुटला तर भरली गाडी जागीच उभी. त्यात ऊन रबराला म्हातारे करते. वर्षातले आठ महिने उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला बारीक भेगा पडतात. म्हणून टायर झाकून ठेवावा, गाडी सावलीत लावावी.

टायरचे दोन धोके मात्र कोणी फारसे सांगत नाही. एक उताराचा. सहज पळणारी गाडी उतारावर बैलांच्या अंगावर येते. लाकडी चाकाची कुरकुर हाच एक प्रकारचा लगाम होता. टायरच्या गाडीला ब्रेक हवाच. दुसरा धोका आपल्या लोभाचा. गाडी हलकी झाली, की आपण बैलाचे श्रम कमी करण्याऐवजी पोती वाढवतो. केंद्र सरकारने 1965 साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. त्यांत हवेच्या टायरच्या गाडीला साध्या चाकाच्या गाडीच्या दीडपट ओझ्याची मुभा आहे. पण दीडपट म्हणजे तिप्पट नव्हे! त्याच नियमांत असेही आहे, की दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि उष्णता 37 अंशांवर गेली असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. आपल्याकडे मार्चपासूनच पारा तिथे पोहोचतो, हे सांगायला नको.

तेव्हा घ्यावे काय? ज्याची वाट पक्क्या सडकेची नि काळ्या शेताची, दोन्ही मिळून आहे, त्याने टायरची, बेअरिंगची आणि ब्रेक असलेली गाडी घ्यावी. ज्याच्याकडे जुनी लाकडी चाके धड आहेत आणि काम घर ते शेत एवढेच आहे, त्याने ती उगाच मोडीत घालू नयेत. नव्या चाकांना वर्षभर वाळलेले लाकूड वापरावे, पावसाळ्यापूर्वी सांध्यांना तेल पाजावे, वंगण वेळेवर द्यावे आणि धाव ढिली दिसली की लोहाराकडे जावे. ती गळून पडण्याची वाट पाहू नये.

आणि म्हातारबाबांच्या प्रश्नाचे काय? बैलाला विचारायचे तरी कसे? त्याची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. तूप-हळद लावून बैलाचा खांदा चोळतो. यंदा चोळताना हात जरा सावकाश फिरवा. कातडी मऊ आहे, की घट्टा पडला आहे? कुठे हात लागताच बैल अंग काढून घेतो का? वर्षभर चाक कसे चालले, ओझे किती घातले, याचा सगळा जमाखर्च तिथे लिहिलेला असतो. तो वाचा आणि मग सुताराकडे जायचे की टायरच्या दुकानात, ते ठरवा.