असू दे, लागेल कधीतरी!

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मराठी घरात माळा काढण्याचा सोहळा होतो. एक जण स्टुलावर चढून वस्तू खाली देतो, दुसरा झटकून पुसतो, आणि संध्याकाळी जवळजवळ सगळ्याच वस्तू पुन्हा वर जातात. दांडा तुटलेला कुकर, बंद पडलेला मिक्सर, टीव्हीचं रिकामं खोकं. ‘असू दे, लागेल कधीतरी,’ हे त्या दिवसाचं पालुपद.

याला आपण काटकसर म्हणतो. मला त्यात काटकसरीचा भाग थोडाच वाटतो. डॅनियल कानेमन, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९९० साली काही प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे कप दिले आणि उरलेल्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. कप हाती येऊन फार वेळ झाला नव्हता. तरी मालकांना ५.२५ डॉलरच्या आसपास किंमत हवी होती आणि घेणारे २.२५ ते २.७५ डॉलरच्या वर जाईनात. घटकाभराच्या मालकीची ही तऱ्हा, मग पन्नास वर्षांच्या संसाराचं काय?

(झोपायला, स्वयंपाकाला जागा उरू नये इतकी साठवण हा मात्र आजार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याची स्वतंत्र नोंद केली. तिथे रागावून उपयोग नाही, डॉक्टरच हवेत.)

इमारतीच्या पुनर्विकासासाठी माझ्या सासूबाईंना गिरगावातल्या दोन खोल्या महिन्याभरात रिकाम्या करायच्या होत्या. भाड्याच्या जागेत माळाच नव्हता. ‘मामी, डोळे मीट आणि भंगारवाल्याला बोलाव,’ भाच्याने सांगून टाकलं. त्या तांब्याच्या बंबापाशी बसून राहिल्या. राहतं घर सुटत असताना वस्तूंवरही पाणी सोडा म्हणणं मला जरा निष्ठुरच वाटलं. वस्तू हातात घ्या आणि आनंद होतो का ते पाहा, असं जपानच्या मारी कोंदो सांगतात. बंब हातात घ्यायचा कसा, ते त्याच जाणोत!

आपली बोहारीण अधिक शहाणी. ती कपडे मागायच्या आधी भांडं पुढे करते. स्टीलचा डबा दिसला की साड्या गेल्याचं दुःख निम्म्याने उतरतं. मीही ‘आई, हे हवं की नको?’ विचारणं सोडलं आणि ‘हे कुणाच्या उपयोगी पडेल?’ असं विचारू लागले. त्या विचार करू लागल्या, नावं सुचवू लागल्या. बंब गुहागरला धाकट्या दिरांच्या न्हाणीघरात गेला. पितळी डबे नातसुनेने मागून नेले. सुती साड्यांच्या दोन गोधड्या शिवून आल्या. रद्दी तर त्यांनी स्वतःच वजनावर लक्ष ठेवून घातली.

अडलं ते सासऱ्यांच्या खिळ्यांच्या डब्यापाशी. वाकडे, गंजके, सरळ करून ठेवलेले खिळे. त्याचं नाव कुणी काढलं नाही. भाड्याच्या घरात पहिल्याच संध्याकाळी कॅलेंडर लावायला त्यांनी त्यातलाच एक काढून दिला.