शीवच्या गॅलरीत ऑर्किड: कुंडीत काय भराल?

माती अजिबात नको. सह्याद्रीत सीतेची वेणी हे ऑर्किड झाडाच्या खोडाला बिलगून, मुळे उघड्या हवेत ठेवून वाढते. कुंडीतही पाणी निथळले पाहिजे आणि हवा खेळली पाहिजे. मुंबईत जून ते सप्टेंबर २००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा तर हे फारच जपावे.

लाकडी कोळसा : अंगठ्याएवढे तुकडे. लवकर कुजत नाही. दगडी कोळसा टाळा.

विटांचे तुकडे : चांगल्या भाजलेल्या विटेचे. कुंडीला वजन देतात, थोडी ओल धरतात. सिमेंट लागलेले नकोत.

नारळाचे सोडण : ओल टिकवते. तुकडे करून दोन-तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. क्षार आणि तपकिरी रंग उतरू द्या.

स्फॅग्नम मॉस : खूप पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात बेतानेच वापरा.

कोणाला काय?
• डेंड्रोबियम : कोळसा आणि विटा, लहान कुंडीत
• फॅलेनॉप्सिस : कोळसा आणि सोडण
• व्हँडा : जाळीची टोपली, जवळजवळ रिकामी

मुळांकडे पाहा : रुपेरी दिसली तर पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा. तपकिरी आणि लिबलिबीत झाली, तर सडलेला भाग स्वच्छ कात्रीने कापून भरण बदला. एरवीही साधारण दोन वर्षांनी, फुलांचा बहर ओसरल्यावर आणि नवी मुळे डोकावू लागताच भरण बदलावे. झाड त्या नव्या मुळांवरच पुन्हा उभे राहते.