अल्पमोल दूरचित्र-भिंग घ्यावे काय? शनिशिंगणापूरच्या क्षेत्रकार्याच्या निमित्ताने काही विचार

क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. कॅमेरा हाताशी आहे, त्याबरोबर आलेले साधे भिंगही आहे. परंतु दूरची वस्तू जवळ आणणारे भिंग नाही. चांगल्या दूरचित्र-भिंगाची किंमत शिष्यवृत्तीच्या आवाक्याबाहेरची असते. बाजारात मात्र त्याच नाभीय अंतराची भिंगे दशांश किमतीतही मिळतात. ती घ्यावीत काय? ह्या प्रश्नाचे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे सोपे असले तरी ते अभ्यासकास शोभणारे नाही. भिंग काय करते, काय करीत नाही आणि आपणांस त्याच्याकडून काय हवे आहे, ह्या तीन गोष्टींचा निर्णय आधी झाला पाहिजे. विवेचनास आधार म्हणून अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव येथे घेतले आहे. लोकदैवते, ग्रामरचना व यात्रा ह्यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी तेथे नेहमी जातात, आणि दूरच्या चित्रणाचे बहुतेक सर्व प्रश्न त्या एकाच गावात एकत्र भेटतात.

प्रथम साधे गणित पाहू. भिंगाने पडणाऱ्या प्रतिमेची उंची म्हणजे वस्तूची उंची गुणिले नाभीय अंतर, भागिले वस्तूचे अंतर. शिंगणापूरची शिला सुमारे साडेपाच फूट, म्हणजे १.६८ मीटर उंच आहे. ती मंदिरात नसून उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. गर्दीमुळे आपण ३० मीटरांवर थांबलो आहोत असे समजू. नेहमीच्या ५० मि.मी. भिंगाने तिची प्रतिमा २.८ मि.मी. उंचीची पडेल, २४ मि.मी.च्या चौकटीत ती जेमतेम नवव्या हिश्शाएवढी. ३०० मि.मी.च्या भिंगाने तीच प्रतिमा १६.८ मि.मी. होईल व चौकटीचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग व्यापील. दूरचित्र-भिंगाचा सारा मोह ह्या एका गुणाकारात आहे.

वास्तविक नाभीय अंतर लांब असलेले कोणतेही भिंग हे काम करील. परंतु ३०० मि.मी.चे साधे बहिर्वक्र भिंग वापरल्यास नळीही तेवढीच लांब करावी लागते. पुढे बहिर्वक्र व मागे अंतर्वक्र असे दोन भिंगगट योजले, तर नाभीय अंतर तेवढेच राहून नळी आखूड होते. खऱ्या अर्थाने दूरचित्र-भिंग म्हणतात ते हेच. १८९१ साली इंग्लंडमध्ये थॉमस रुडॉल्फस डालमेयर आणि जर्मनीत श्टाइनहाइल व मीटे ह्यांनी अशी रचना स्वतंत्रपणे सिद्ध केली. म्हणजे तत्त्व सव्वाशे वर्षांहून जुने आहे. त्यात गुपित काही राहिलेले नाही. मग किमतीत दसपटीचा फरक का पडावा?

ह्याची मुख्य कारणे दोन. पहिले कारण छिद्राचे. नाभीय अंतरास छिद्रांकाने भागले म्हणजे प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ३०० मि.मी.च्या भिंगाचा छिद्रांक ५.६ असेल तर हा व्यास सुमारे ५४ मि.मी. असतो, २.८ असेल तर १०७ मि.मी. होतो. व्यास दुप्पट झाला की त्याच घाटाच्या काचेचे वजन आठपट होते. स्वस्त भिंग स्वस्त असते ते मुख्यतः लहान छिद्रामुळे. त्याची भरपाई आपण प्रकाशाने करतो. छिद्रांक ८ असलेले भिंग २.८ च्या मानाने आठव्या हिश्शाइतकाच प्रकाश घेते. हात हलल्याने चित्र पुसट होऊ नये म्हणून ३०० मि.मी.च्या भिंगास सुमारे १/३०० सेकंदाचे शटर लागते असा अनुभवाचा नियम आहे. शनिवारी सायंकाळी दिवेलागणीच्या वेळी हा हिशेब जुळत नाही. तिवई किंवा कंपनिरोधाची सोय असली तर आपला हात स्थिर होईल. परंतु तेल घेऊन चालणारा भाविक काही स्थिर होणार नाही.

दुसरे कारण काचेचे. निरनिराळ्या रंगांचे किरण काचेतून निरनिराळ्या प्रमाणात वळतात. दोन प्रकारच्या काचा जोडून दोन रंग एका बिंदूवर आणता येतात, पण बाकीचे रंग थोडे मागेपुढे राहतातच. आणि हा उरलेला दोष नाभीय अंतराच्या प्रमाणात वाढतो. ५० मि.मी.ला जो दिसतही नाही तो ३०० मि.मी.ला जांभळ्या किनारीच्या रूपाने डोळ्यांत भरतो. तो काढावयाचा तर फ्लुओराइट किंवा अल्पविकिरणी काच वापरावी लागते. १९६९ साली कॅनन कंपनीने फ्लुओराइट वापरलेले ३०० मि.मी.चे भिंग बाजारात आणले. अशा काचा तेव्हाही महाग होत्या व आजही आहेत. तेलाने चकाकणारी काळी शिला आणि तिच्यामागे माध्यान्हीचे पांढुरके आकाश ह्यांच्या सीमारेषेहून कठोर अशी ह्या दोषाची परीक्षा दुसरी क्वचितच सापडेल.

आता ह्या दोषांचे मोल अंकांत कसे मांडावे ते पाहू. ३६ × २४ मि.मी.च्या संवेदकावर ६००० × ४००० पिक्सेल असतील तर एक पिक्सेल ६ मायक्रॉनांचा होतो. चांगले ५० मि.मी. भिंग एका बिंदूची प्रतिमा साधारण एवढ्याच ठिपक्यात उमटवते असे धरू. ३० मीटरांवर त्याची प्रतिमा वस्तूच्या सहाशेव्या हिश्शाची असते; म्हणजे शिलेवरील ३.६ मि.मी.पर्यंतचा तपशील सुटा दिसेल. ३०० मि.मी.च्या उत्तम भिंगाने तोच तपशील ०.६ मि.मी.पर्यंत उतरेल. पण अल्पमोल ३०० मि.मी. भिंगाचा ठिपका पसरून ३० मायक्रॉनांचा झाला, तर तपशील ३ मि.मी.वर येऊन थांबतो. चित्र सहापट मोठे झाले, माहिती मात्र जवळजवळ पूर्वीचीच राहिली! ५० मि.मी.च्या चित्राचा मधला भाग कापून मोठा केला असता तर फारसे काही गमावले नसते. उलट २०० मि.मी.चे मध्यम प्रतीचे भिंग घेतले व त्याचा ठिपका १० मायक्रॉनांचा असला, तर तपशील १.५ मि.मी.पर्यंत मिळतो. म्हणून नळीवर कोरलेल्या मोठ्या आकड्यास भुलू नये. ठिपक्याच्या व्यासास नाभीय अंतराने भागून येणारी संख्या लहान असणे, हीच भिंगाची खरी लायकी होय.

ही संख्या काढण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मराठी वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवावे, १० मीटरांवर तिवई रोवावी, आणि सकाळच्या उजेडात प्रत्येक छिद्रांकावर एक याप्रमाणे चित्रे घ्यावीत. मग पानाच्या मध्यभागी व कोपऱ्यांत अनुस्वाराचे टिंब आणि रफार सुटे दिसतात काय ते पाहावे. बारीक अक्षरातील टिंब साधारण अर्ध्या मिलिमीटराचे असते. वर सांगितलेला ३० मायक्रॉनांचा ठिपका ह्या अंतरावर पानावरील सुमारे एका मिलिमीटराएवढा होतो व टिंब पार गिळून टाकतो. पूर्ण उघड्या छिद्रावर पुसट असणारे भिंग छिद्रांक ८ किंवा ११ वर पुष्कळदा सुधारते. तसे होत असेल तर ते भिंग उन्हातल्या कामापुरते घेण्यास हरकत नाही. जुने भिंग घेताना ते उजेडाकडे धरून आतून पाहावे. आपल्याकडील पावसाळ्यात काचेवर बुरशीची जाळी धरते आणि ती कोणत्याही छिद्रांकाने जात नाही.

तथापि एक मर्यादा अशी आहे की जेथे स्वस्त व महाग हा भेदच संपतो. चैत्र-वैशाखात ह्या पठारावरची जमीन तापली म्हणजे हवेचे थर थरथरू लागतात. दूरच्या वस्तूची कडा त्या झळांत लाटेसारखी हलते, आणि ही हालचाल भिंगाच्या पुढच्या हवेत असल्यामुळे लाखमोलाची काचही तिच्यापुढे निरुपाय असते. भर दुपारी शंभर-दोनशे मीटरांवरून घेतलेले चित्र पुसट आले तर दोष भिंगाला देऊ नये. सूर्योदयानंतरचा पहिला तास हा कोणत्याही खर्चाविना मिळणारा सर्वांत मोठा लाभ आहे.

येथवर भिंगाच्या गुणदोषांचा विचार झाला. अभ्यासकाच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचा प्रश्न चित्राच्या प्रामाण्याचा आहे. शनि-अमावास्येच्या गर्दीचे चित्र घ्यावयाचे आहे असे समजा. माणसांच्या दोन रांगांत ५ मीटरांचे अंतर आहे. आपण पहिल्या रांगेपासून ५ मीटरांवर उभे असू तर मागच्या रांगेतील माणूस पुढच्याच्या निम्म्या उंचीचा दिसेल. दोहोंमधील मोकळी जागा डोळ्यांस कळेल. तेच ५० मीटरांवरून पाहिले तर उंचीचे प्रमाण १.१ ला १ एवढेच राहते व दोन्ही रांगा एकमेकींस चिकटल्यासारख्या भासतात. हा परिणाम भिंगाचा नसून अंतराचा आहे. भिंग केवळ त्या दूरच्या दृष्टीस मोठे करून दाखवते. परंतु असे चित्र प्रबंधात घालून खाली ‘अलोट गर्दी’ असे लिहिले तर ते पुरावा न राहता अलंकार होते. नेवासे येथेच १९५४ ते १९५६ ह्या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया ह्यांनी उत्खनन केले. उत्खननाच्या छायाचित्रात वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवण्याचा प्रघात असतो, तो ह्याच कारणास्तव. दूरच्या वस्तूजवळ मोजपट्टी ठेवता येत नाही. म्हणून अंतर, नाभीय अंतर व उभे राहण्याचे ठिकाण ह्यांची नोंद प्रत्येक चित्राबरोबर असणे अगत्याचे आहे.

शेवटचा मुद्दा हा की सगळेच अंतर मीटरांत मोजावयाचे नसते. शिंगणापूरच्या घरांना चौकट असते, कवाड नसते. कोठे पडदा सोडलेला, कोठे कुत्रे आत शिरू नये म्हणून फळी आडवी लावलेली. २०११ साली युको बँकेने येथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा तिची वार्ता दूरवर पोहोचली. २०१५ साली गावात पोलीस ठाणेही आले. ह्या प्रथेचा अभ्यास करणाऱ्यास पलीकडच्या रस्त्यावरून ३०० मि.मी.चे भिंग लावून घराच्या आतले चित्र सहज घेता येईल. परंतु दारास कवाड नसणे म्हणजे आत येण्यास मुभा असणे नव्हे. ही प्रथा ज्या विश्वासावर उभी आहे, तोच अशा चित्राने मोडतो. जे पाऊल न विचारता उंबरा ओलांडणार नाही, त्याच्या वतीने भिंगानेही तो ओलांडू नये. शिवाय ओसरीवर बसून घरधन्याशी अर्धा तास बोलल्यानंतर घेतलेले ५० मि.मी.चे चित्र चोरून घेतलेल्या दूरचित्राहून अधिक सांगते, हाही लाभ आहेच.

दुसरे उदाहरण ह्याच्या उलट दिशेचे आहे. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाण्यास स्त्रियांना परंपरेने मज्जाव होता. त्याविरुद्ध २०१६ च्या जानेवारीपासून आंदोलन झाले. त्या वर्षी १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या कायद्याच्या आधारे स्त्रियांच्या प्रवेशाचा हक्क स्पष्ट केला, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने त्यांना वाट मोकळी केली. तोपर्यंत एखाद्या विद्यार्थिनीने कितीही मोलाचे भिंग आणले असते तरी शिला तिच्या चित्रात जवळ आली असती, तिच्यासाठी मात्र होती तेथेच राहिली असती. काही अंतरे काचेने कमी होत नाहीत. त्यांची नोंद चित्रात नव्हे, प्रबंधाच्या मजकुरात करावी लागते.

तात्पर्य काय? घरे, माणसे, ओटे, बाजार हा ज्यांचा विषय आहे त्यांनी दूरचित्र-भिंग घेऊच नये; स्वस्तही नाही आणि महागही नाही. तो पैसा गावात आणखी चार दिवस राहण्यासाठी खर्चावा. शिला, शिखरे, दीपमाळा, शिल्पपट्ट ह्यांसाठी २०० मि.मी.च्या आसपासचे, छिद्रांक ८ वर कसोटीस उतरलेले जुने भिंग पुरेसे आहे. त्याबरोबर चांगली तिवई मात्र असावी. ज्यांना जायकवाडीच्या जलाशयावरील पक्षी किंवा ह्याच जिल्ह्यातील रेहेकुरीची काळविटे पाहावयाची आहेत, जेथे जवळ जाणे हेच अभ्यासास विघातक ठरते, त्यांना ३०० मि.मी.चे किंवा त्याहून लांब भिंग खरोखरीच हवे. त्यांनी आधी ते उसने किंवा भाड्याने घेऊन दोन सकाळी वापरावे, वर्तमानपत्राच्या कसोटीला लावावे आणि मगच निर्णय करावा. ह्या कसोटीत अल्पमोल भिंग उतरले तर ते घेण्यात कमीपणा कसलाच नाही. न उतरले तर मात्र त्याची किंमत कितीही कमी असो, ते महागच पडले असे समजावे.